बांधावरची तार

वसईला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या मंगळवेढ्यात जो तो विचारतो, "किल्ला बघितलात का?" किल्ला बघितला नाही. रिक्षातून जाताना भिंत दिसली तेवढीच. बाकी पुष्कळ बघितलं. पाचूबंदरचा मासळीचा लिलाव बघितला, केळीची वाडी बघितली, सुकेळी खाल्ली, विरारच्या इमारती मान वर करकरून बघितल्या. गेले होते ती माझ्या मैत्रिणीला बघायला, आणि जे बघायला नको होतं तेही हट्टानं बघून आले. सगळं क्रमानं सांगते. इकडून तिकडून सांगायला लागले की मी स्वतःला वाचवत सांगते, हे आता माझ्या लक्षात आलंय.

कामणच्या आत

कुंदा आणि मी सोलापूरला डी.एड. करताना एका खोलीत राहायचो. मला नोकरी लागली घराशेजारी, तिला थेट वसई तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत. "दोन वर्षांत बदली करून येते," असं सांगून गेली आणि तिथल्याच एका शेतकऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. पुढं तीस वर्षं ती मला पत्रं लिहून बोलावत होती आणि मी "पुढच्या उन्हाळ्यात नक्की" म्हणत होते. तीस उन्हाळे मी काय करत होते, विचाराल तर सांगता येणार नाही. पापड, वाळवणं, परीक्षेचे पेपर. शेवटी गेल्या वैशाखात तिच्या नवऱ्याचा फोन आला. काशिनाथदाजी एरवी फोनवर बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "ताय, येऊन जा. आता उशीर नको."

दाजी वसई स्टेशनवर न्यायला आले होते. कामणकडच्या रस्त्याला लागलो तशी दोन्ही बाजूंनी गोदामं सुरू झाली, पत्र्याची, लांबच लांब. एकेका गोदामात आमची अख्खी बाजारपेठ गल्लीबोळांसकट मावली असती. मग ट्रकांची धूळ खात आम्ही एका वळणावर आत वळलो. वळणापाशी दाजींनी रिक्षा थांबवायला लावली आणि म्हणाले, "ताय, घरी पोचले म्हनून फोन करायचा तर इथूनच करा. ह्याच्यापुढं फोन म्हंजे निस्तं घड्याळ." मी फोन केला आणि पुढं निघालो. दहा पावलांत फोनवरच्या रेघा नाहीशा झाल्या. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीचं शेपूट, मध्ये भातशेती, आणि त्या खोलगट जागेत पंचवीस-तीस घरं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

कुंदाला बघितलं आणि मी दारातच चपलेचा बंद सोडत उगाच वाकून राहिले. घशाच्या आजारानं तिचा आवाज गेला होता. जेवण गेलं होतं. दवाखान्यानं "आता घरीच ठेवा" म्हणून पाठवलं होतं. तिला उचलून बसवलं तरी श्वास लागायचा. उशाशी मुलांची असते तसली पाटी आणि पेन्सिल. तिनं लिहिलं, "तीस वर्षं उशीर. शेरा काय देऊ?" अक्षर अजून तसंच, गोल, फळ्यावरचं. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती. तिनं डबा नाकाशी धरून वास घेतला आणि झाकण लावून परत माझ्या हातात दिला.

संध्याकाळी सहाच्या आधी दाजींनी तिचे केस विंचरले, तोंड पुसलं, उशी उंच केली. भिंतीवर एक पांढरी पेटी होती, तिच्यात चार हिरवे दिवे. सहाला फोन वाजला आणि पडद्यावर प्राजू आली. प्राजू म्हणजे यांची एकुलती एक मुलगी, आयर्लंडात म्हाताऱ्या माणसांच्या एका सेवागृहात नर्स आहे. तिथं राहायच्या परवान्याचे कागद सरकारदरबारी अडकलेत. देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, आणि आईच्या औषधपाण्याचा भार तिच्याच नोकरीवर. तिच्याकडे तेव्हा दुपारचा दीड. तिनं हात हलवला, फोन कशाला तरी टेकवून ठेवला, डबा उघडला आणि जेवायला लागली.

मला वाटलं, बोलेल आता. पण दोघी बोलतच नव्हत्या. प्राजू जेवत होती आणि कुंदा बघत होती. पोळी, कसलीशी भाजी, मग दही. मध्येच कुंदानं पाटीवर लिहून पाटी फोनसमोर धरली, "भात का नाही?" प्राजू घास गिळून म्हणाली, "संपलाय आई, शनिवारी आणते." कुंदानं मान हलवली. वीस मिनिटांनी डबा रिकामा झाला, तो प्राजूनं तिरपा करून आईला दाखवला, आणि फोन बंद झाला. दाजी मला हळूच म्हणाले, "पोरगी जेवली की हिला दोन चमचे पानी उतरतं. नायतर तेबी नाय."

आता मला कळलं, ती पेटी भिंतीवर कशासाठी आहे. जिला बोलता येत नाही तिला साध्या फोनचा काय उपयोग? तिला चेहराच दिसायला हवा, आणि तोही अडकत अडकत नाही.

त्या पेटीला जोडलेली इंटरनेटची तार गावात कशी आली ते दाजींनी दुसऱ्या दिवशी मला चालत चालत दाखवलं. "रस्त्याच्या गोदामांना तार येऊन लय वर्सं झाली. आमी म्हनलं, एवढी आली तर जराशी आत आना. ते म्हनले, आत वापरनारा कोन हाय?" मग विरारचा एक तारवाला कबूल झाला, खांबांची सोय तुम्ही करा म्हणाला. गावानं बांबू दिले. आठ जणांच्या शेतांवरून ती तार बांबूवर बांबू करत आली. "एकानं बी नाय म्हनलं नाय, ताय. मास्तरीनबायसाठी हाय म्हनल्यावर कोन नाय म्हननार?" शेवटचा तुकडा दाजींच्याच शेताचा. तिथं बांबू संपले. खणून पुरायची तर उन्हानं जमिनीचा दगड झालेला. म्हणून ती काळी तार बांधाच्या कडेनं तशीच जमिनीवर टाकली होती, वरून गवत आणि पालापाचोळा घालून झाकलेली, ऊन लागू नये आणि गुराचा पाय पडू नये म्हणून.

पाचूबंदर

मी उशाशी बसून राहिलेलं कुंदाला चालेना. पाटीवर यादी केली: पाचूबंदर, केळीची वाडी, राब. खाली लिहिलं, "मला बघत बसू नकोस. तू बघून ये, मला सांग." तीस वर्षं मुलांना गृहपाठ दिलेली बाई, मला बरी सोडेल.

पाचूबंदरला मी सकाळी पोचले तेव्हा बोटी लागत होत्या. आमच्याकडचा लिलाव म्हणजे कांद्याचा, अडत्यानं उपरण्याखाली बोटं धरायची. इथं सगळं उघड्यावर, आणि आवाज सगळा बायकांचा. मी शाकाहारी, त्यात पायांत नवी चप्पल. पहिल्या दहा मिनिटांत बर्फाच्या पाण्यावर घसरून एका टोपलीत बसले. टोपलीची मालकीण पन्नाशीची, गळ्यात सोन्याचा बारीक क्रूस. ती हसली नाही. तिनं मला उठवलं, साडी झटकली आणि मग बाकीच्यांबरोबर हसली. मोनिकाबाय तिचं नाव. तिनं मला एका उलट्या टोपलीवर बसवून चहा पाजला.

तिच्या नवऱ्याची बोट यायची होती. ती खाडीकडे बघत नव्हती, हातातल्या फोनकडे बघत होती. मी विचारलं तर म्हणाली, "आमची मानसं आठ आठ दिस बिनरेंजची असतात. बोट जवळ आली का आदी फोन वाजतात, मंग इंजिन ऐकू येतं." आणि खरंच, थोड्या वेळात तिचा फोन वाजला, मग शेजारणीचा, मग सगळ्या बंदरावर निरनिराळी गाणी सुरू झाली. समुद्रात अजून काहीच दिसत नव्हतं. मोनिकाबायनं फोन कानाला लावला, "आला का?" एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. मग पदरानं नाक पुसलं.

मी विचारलं, आठ दिवस कसे काढता? ती म्हणाली, "सवय हाय. पन सवय हाय म्हनून काय भ्या जातं?"

हे मी घरी येऊन कुंदाला सांगितलं, टोपलीत बसले त्यासकट. ती हसली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले, आणि मग बराच वेळ तिला श्वास लागला. दाजी पाठ चोळत होते आणि माझ्याकडे रागानं बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी वाडीत जाऊन सुकेळी आणली. साल काढून उन्हात वाळवलेली केळी, पानात गुंडाळून बांधलेली. तीही तिला वासापुरतीच. सहाला प्राजूनं डबा उघडला, आणि त्यात भात होता.

राब

यादीत उरला होता राब.

कुंदा पहिल्या वर्षापासून पत्रांत लिहायची: इथं पेरणीच्या आधी जमीन भाजतात. ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची तिथं शेण, पाला, टहाळ, पेंढा पसरतात, वरून माती टाकतात आणि पेटवतात. तण जळतं, राख मुरते, रोपं जोमानं येतात. आमच्या काळ्या रानाला हे ऐकूनच कापरं भरेल. आमच्याकडे रानात विस्तव दिसला म्हणजे कुणाची तरी कडब्याची गंज गेली. जाणूनबुजून शेत पेटवणारी माणसं मला एकदा डोळ्यांनी बघायची होती.

दाजी म्हणाले, "यंदा राब नको, ताय. त्या तुकड्याच्या बांदावर तार हाय. यंदा वाफे करून बिनभाजल्याचीच रोपं काढीन."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला एकदा एखादी गोष्ट बघायची म्हटली की बघायचीच. घरचे याला चिकाटी म्हणतात, नवरा होता तेव्हा तो हट्टच म्हणायचा. कुंदा झोपली होती. मी म्हणाले, "सगळा नका भाजू. एक कोपरा, बांधापासून लांबचा. एवढ्या लांबून आले, आणि परत कधी येईन?" पाहुण्याला दुसऱ्यांदा नाही म्हणायचं त्या माणसाच्या जिभेवर नव्हतं. ते उठले, टोपली घेतली.

सकाळची वेळ होती, वारा पडलेला. दाजींनी लांबच्या कोपऱ्यात थर घातले, मीही दोन टोपल्या पाला टाकला, माती भुरभुरवली. आग पसरली तर झोडपून विझवायला हिरव्या डहाळ्यांचे दोन झोडे हाताशी ठेवले. मग त्यांनी काडी ओढली. आग वर उडत नाही, आतल्या आत चालते; धूर जमिनीलगत पसरतो आणि भाजलेल्या मातीचा वास येतो. मला तो आवडला. तेही लिहून टाकते.

राब पेटवायच्या आधी बांधावरचं गवत कापून काढायचं, हा तिथला नियम. आग बांध ओलांडत नाही ती म्हणूनच. लहान पोरालाही तो ठाऊक असतो, आणि दाजींनी तो आयुष्यात कधी मोडला नव्हता. यंदा त्या एका बांधावरचं गवत त्यांनी कापलं नव्हतं. कोयत्याचा घाव चुकून तारेला लागेल म्हणून. तारेला जपायचं म्हणून महिनाभर त्यांनी तिथं विळाकोयता नेला नव्हता, उलट वरून आणखी पाला घातला होता. वाऱ्याची एकच झुळूक आली. कोपऱ्यातून एक ठिणगी कडेच्या गवतात गेली, तिथून बांधाला लागली, आणि त्या वाळल्या पाल्यातून आग आम्ही धावेपर्यंत निघूनही गेली. दाजी झोडा फेकून हातांनीच पाला ओढत होते. मी नुसती "दाजी, दाजी" करत उभी होते.

विझलं तेव्हा बांधावर काळा पट्टा पडला होता आणि तार दहा-बारा हात वितळून मातीला चिकटली होती. घरात पेटीवरचा एक दिवा लाल झाला होता. दाजींचा उजवा तळवा सोलला होता. त्यांनी तो पाण्यात बुडवला आणि तसेच कुंदाजवळ जाऊन बसले. सांगितलं तिला. म्हणाले, "कुंदा, तार मी जाळली." माझं नाव घेतलं नाही. मी दारात उभी होते, मीही घेतलं नाही.

कुंदानं त्यांचा हात बघितला, पाटी ओढली आणि लिहिलं, "आधी हाताला औषध." मग पुसून माझ्याकडे पाटी केली: "बघितलास ना राब? कसा असतो, सांग की."

तीस वर्षं तिला ते मला दाखवायचं होतं. मी काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी सांगितलं.

त्या संध्याकाळी सहा वाजता फोन वाजला नाही. दाजी वळणावर जाऊन प्राजूशी बोलून आले, तार तुटलीये म्हणाले. तिकडून ती रडत होती की काय, त्यांनी सांगितलं नाही. कुंदाला पाणी उतरलं नाही.

विरार

तारवाल्याचा फोन वळणावरून लागत होता, पण उचलत नव्हता कोणी. म्हणून दुसऱ्या दिवशी मी विरारला गेले. दाजींना कुंदाला सोडून जाता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या घरात बसवत नव्हतं.

विरारात मी पत्ता शोधत फिरले. इमारतीला इमारत चिकटलेली, आणि प्रत्येकीच्या गच्चीवरून तारांचे जुडगे लोंबत होते, काळे, पिवळे, एकात एक गुंतलेले. एका उपाहारगृहात पाणी प्यायला बसले तर शेजारच्या बाकावर एक बाई मुलीला इडली भरवत होती आणि मुलगी फोनवर कार्टून बघत होती. चित्र क्षणभर अडकलं तशी पोरीनं तोंड फिरवून घास नाकारला. आईनं फोन हलवला, चित्र सुरू झालं, घास गेला. मी उठून बाहेर आले.

तारवाल्याचं दुकान एका तळमजल्यावरच्या गाळ्यात. तिथं सावंत भेटले, चाळीस-पंचेचाळीसचे, मूळचे कोकणातले, डोळे तांबारलेले. जळालेल्या तारेच्या जागी नवा तुकडा घालून दोन्हीकडे सांधे करायचे, त्याचं यंत्र त्यांच्या एकट्याकडे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ईस्टला रस्ता खोदताना मेन केबल उडालीये. दोन हॉस्पिटलं, किती बिल्डिंगी, सगळं बंद. सकाळपासून मी नालीत बसलोय, आत्ता फक्त तार न्यायला आलो. तुमचं एकच घर ना?"

मी म्हणाले, "हो. एकच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डायरीत काहीतरी खोडून वर लिहिलं. "उद्या दुपारपर्यंत येतो. आज खरंच होणार नाही." माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही दोन हॉस्पिटलांकडेच गेले असते. हे कळत होतं आणि तरी त्याच्या यंत्राची पेटी उचलून पळत सुटावंसं वाटत होतं.

त्यांनी दुकानातलं इंटरनेट मला लावून दिलं. मी प्राजूला फोन केला. ती लगेच आली, एवढी स्पष्ट की डाव्या भुवईवर लावलेली पट्टी दिसत होती. कपाटाचं दार लागलं म्हणाली. मग विचारलं, "मावशी, आई पाणी पितेय का?" मी खोटं बोलले नाही, पण उत्तरही दिलं नाही. तीच म्हणाली, "मी जेवताना व्हिडिओ करून पाठवते. तुम्ही तिथं उतरवून घ्या आणि आईला नेऊन दाखवा." तिची जेवणाची सुट्टी नव्हती. तिनं कुणाला तरी विनवून वीस मिनिटं घेतली आणि वीस मिनिटं माझ्यासमोर नव्हे, आईसमोर जेवली. भात, वरण, लोणचं. शेवटी रिकामा डबा तिरपा करून दाखवला. तो व्हिडिओ फोनमध्ये आला, तेव्हा मी फोन पदरात गुंडाळून रिक्षात बसले. वाटलं, काहीतरी घेऊन चालले आहे मी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. दाजींनी डाव्या हातानं कुंदाचे केस विंचरले. मी फोन तिच्यासमोर धरला आणि सुरू केला. नवीन तार आली असं तिला वाटलं असावं. मी सांगायला हवं होतं. तिचा चेहरा बघून माझं तोंड उघडेना.

प्राजू जेवत होती. कुंदा बघत होती. मग तिनं पाटी घेतली, बऱ्याच वेळानं लिहून झालं: "कपाळाला काय झालं?" पाटी तिनं फोनसमोर धरली.

प्राजूनं घास घेतला. बाजूला कुठंतरी बघून जरा हसली. दुसरा घास घेतला.

कुंदानं पाटी आणखी जवळ नेली. तशीच धरून ठेवली, दोन्ही हातांनी.

मी म्हणाले, "कुंदा, हे दुपारचं आहे. भरून आणलंय. कपाटाचं दार लागलं तिला, बरंय आता." कुंदानं पाटी खाली घेतली आणि तळव्यानं पुसली. पुसताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मग व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, रिकाम्या डब्यापर्यंत. संपल्यावर लिहिलं, "छान जेवली." पाणी एक चमचा घेतलं, तेही माझ्यासाठी घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाजी गाईला पेंढा घालून आत येईपर्यंत ती गेली.

बांध

सावंत शब्दाला जागले. दुपारच्या आधी आले. अंगणात माणसं बघून त्यांना कळायचं ते कळलं. दाजींना म्हणाले, "करू का, की राहू द्या?" दाजी म्हणाले, "करा. पोरगीला बघायचंय."

गावातल्या मोठ्यांनी सांगितलं होतं, ऊन कललं की न्यायचं. सगळी तयारी झाली होती. आणि आख्खं गाव थांबलं. सावंत काळ्या बांधावर मांडी घालून बसले, एका शेजाऱ्यानं त्यांच्यावर छत्री धरली. केसाहून बारीक काचेचे दोन धागे ते पुसत होते, कापत होते, यंत्रात समोरासमोर ठेवत होते. एकदा जमलं नाही. परत कापलं. ज्यांच्या शेतांवरून ती तार आली होती ते आठही जण उन्हात उभे होते. कोणी घाई करा म्हणालं नाही.

पेटीवरचा लाल दिवा हिरवा झाला. प्राजू तिकडे फोन हातात घेऊनच बसली असणार, कारण पहिल्याच घंटेला ती आली. दाजींचा हात बांधलेला म्हणून फोन मी धरला. तिनं आईला बघितलं. चित्र एकदाही अडकलं नाही. काही वेळानं म्हणाली, "मावशी, आईच्या डोळ्यांवर ऊन येतंय." छत्री तिकडे नेली. मग म्हणाली, "जरा खाली धरा. हात दिसू देत तिचे."

तेवढ्यात दाजी पुढं आले, फोनसमोर वाकले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "प्राजू, तार तुटली नव्हती गं. मीच जाळली. राब भाजताना. दोन दिस तुजी आय तुला दिसली नाय ती माज्यामुळं."

प्राजूनं त्यांच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात यंदा राब नाही घालणार."

दाजी म्हणाले, "घातला."

का घातला, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं; ते माझ्याकडे बघतही नव्हते, मुद्दाम. मी दोघांच्या मध्ये उभी होते, फोन माझ्याच हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या सांगण्यावरून घातला, एवढंच. प्राजू म्हणाली, "हाताची पट्टी ओली झालीये, बदला," ते म्हणाले, "हां," आणि ती वेळ गेली.

उचललं तेव्हा मी मागोमाग चालले. पेटीचं इंटरनेट अंगणाच्या टोकापर्यंतच पोचतं, हे मला माहीत होतं. टोकाला उभी राहून मी फोन उंच धरला. माणसं बांधावरून ओळीनं गेली, लहान होत गेली. प्राजू म्हणाली, "आता तुम्ही घरात जा, मावशी. किती वेळ उन्हात उभ्या आहात." मला मायेनं बोललेलं त्या दिवशी सहन होत नव्हतं, तरी मी "बरं" म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर परत आले. दाजी अजून सहाला फोन लावतात, तिच्याशी दोन शब्द बोलतात, असं कळतं. राब कुणाच्या हट्टानं घातला, ते त्यांनी अजूनही तिला सांगितलेलं नाही.

म्हणून हे सगळं लिहून मी आधी प्राजूला पाठवलं. सोबत एवढंच लिहिलं, की यातला राबाचा भाग आधी वाच. तिनं वाचल्याची खूण त्याच मिनिटाला आली. तिकडे इंटरनेट चांगलं आहे. आज अकरावा दिवस, उत्तर आलेलं नाही.